मिठाचा भाऊबंद : लिथियम कार्बोनेट

मंडळी, कळसाडीत येऊन आम्ही एका पांढऱ्या भुकटीवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटलं असेल. त्यातून आमचा विषय तत्त्वज्ञान! पण जी भुकटी माणसाचं बिथरलेलं मन ताळ्यावर आणते, तिची दखल आमच्यासारख्यालाही घ्यावीच लागते.

1817 साली स्वीडनच्या आर्फवेडसनने पेटलाइट नावाच्या दगडात एक नवा धातू ओळखला. ग्रीक भाषेत दगड म्हणजे 'लिथोस', म्हणून हा लिथियम. त्याचं कार्बोनेट आजही बरंचसं दगडातूनच काढतात. स्पॉड्युमिन नावाचं खनिज हजार अंशांच्या वर भाजायचं, दळायचं, सल्फ्युरिक आम्लात पुन्हा तापवायचं, पाण्यात उतरवायचं, कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून टाकायचं आणि शेवटी धुण्याचा सोडा घालायचा. गंमत इथेच आहे. आपल्या शहादा भागातल्या कारखान्यात पाक निवतो तसे साखरेचे दाणे वाढतात. हा क्षार उलट्या खोडीचा! शून्य अंशाच्या 100 मिलिलिटर पाण्यात तो सुमारे दीड ग्रॅम विरघळतो. उकळत्या पाण्यात पाऊण ग्रॅमसुद्धा नाही. म्हणून द्रावण उकळीजवळ ठेवूनच तो खाली बसवतात, आणि धुतात तेही गरम पाण्याने.

गाऊटवर तो पूर्वी देत असत. ते सोडून देऊ. खरी कथा 1949 ची. त्या वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेत, मीठ बंद केलेल्या हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकलं जात होतं. माणसं विषबाधेने दगावली, विक्री थांबवावी लागली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाच्या जॉन केडचा लेख छापून आला. युद्धात जपान्यांच्या कैदेत राहिलेला हा डॉक्टर. गिनीपिगना लिथियम टोचलं तर ते शांत पडतात, हे त्याने पाहिलं. आधी स्वतः घेऊन बघितलं, मग उन्मादाच्या रुग्णांना दिलं. पहिला रुग्ण वर्षानुवर्षं रुग्णालयात होता. तो बरा होऊन घरी गेला. पण 1950 मध्ये तोच लिथियमच्या विषबाधेने गेला. तेव्हा रक्तातलं प्रमाण मोजून औषध देण्याची रीत बसलेली नव्हती. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शाउ यांनी काटेकोर चाचण्या घेतल्या; अमेरिकेने मान्यता दिली ती 1970 साली.

आज हे औषध भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. ते घेणारा माणूस तुमच्या-आमच्या घरातलाही असू शकतो, म्हणून एवढं ऐका. मूत्रपिंडाला लिथियम मिठासारखंच वाटतं. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की ते मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवतं. लिटरमागे साधारण 0.6 ते 1 मिलिमोल हे कामाचं प्रमाण. दीडच्या पुढे धोका. अंतर किती थोडं, बघा! गुजरातेत ऊसतोडीला जाणारा गडी उन्हात घाम गाळतो, त्याला जुलाब लागले, किंवा कुणाच्या सांगण्यावरून त्याने मीठ सोडलं, तर गोळी तीच राहूनही बाधू शकते. हात जास्त थरथरू लागले, जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला, तर लगेच डॉक्टर गाठायचा. आणि रक्त तपासायचं ते शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी.