अदृश्य सुरी आणि झिजणारे भांडवल

नावात सुरी आहे, पण पाते कुठेच नाही, अशी साधने वैद्यकाच्या इतिहासात विरळाच. 'गॅमा नाइफ' हे त्यांपैकी एक. कवटी न उघडता, रक्ताचा थेंब न सांडता, मेंदूच्या खोल भागातील गाठीवर किरणांचा मारा करून तिची वाढ थांबविणारे हे यंत्र. मी वैद्यकाचा जाणकार नाही. अर्थशास्त्राचा एकेकाळचा विद्यार्थी आणि पेशाने सरकारी नोकर. तरीही या यंत्राचा इतिहास प्रशासनात काम करणाऱ्यांनी अवश्य वाचावा असे मला वाटते. एका कुशल हातातले काम एका संपूर्ण संस्थेच्या हाती कसे जाते, आणि संस्था ढिली असेल तर काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण सहसा सापडत नाही.

कथेची सुरुवात भूमितीपासून होते. १९०८ साली लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ले आणि रॉबर्ट क्लार्क यांनी एक चौकट प्रसिद्ध केली. मेंदूतील कोणताही बिंदू तीन अंकांनी निश्चित करता येतो, ही त्यामागील कल्पना. ती चौकट प्राण्यांवरील प्रयोगांसाठी होती. माणसासाठी तिचा उपयोग व्हायला १९४७ साल उजाडावे लागले. फिलाडेल्फियात स्पीगेल आणि वायसिस यांनी तो केला. मधली चार दशके का गेली? माणसाच्या कवटीचा आकार व्यक्तीगणिक बदलतो. बाहेरील खुणांवरून आतला बिंदू अचूक सांगता येत नाही. मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्रे घेण्याची रीत रुळली, तेव्हा कुठे आतूनच खुणा मिळू लागल्या.

स्वीडनचे लार्स लेक्सेल (१९०७-१९८६) हे या कथेचे नायक. स्टॉकहोममध्ये हर्बर्ट ओलिवेक्रोना यांच्या हाताखाली ते मेंदूची शस्त्रक्रिया शिकले. त्या काळी कवटी उघडणे म्हणजे रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांच्याशी जुगार खेळणे. १९४९ साली लेक्सेल यांनी स्वतःची चौकट प्रसिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे, की तीवरील अर्धवर्तुळाकार कमानीच्या केंद्राशीच लक्ष्यबिंदू आणून ठेवायचा. मग कमानीवरून कोठूनही सुई घाला, ती त्याच बिंदूवर पोहोचते. यातूनच पुढचा प्रश्न सुचला: दिशा कोणतीही चालत असेल, तर सुई तरी कशाला हवी? तिच्या जागी किरण का नको? १९५१ साली लेक्सेल यांनी या कल्पनेला 'रेडिओसर्जरी' असे नाव दिले.

तत्त्व सोपे आहे. बैलगाडीच्या चाकाचे आरे धावेपाशी एकमेकांपासून दूर असतात, पण तुंब्याशी सारे एकवटतात. तसे अनेक क्षीण किरण निरनिराळ्या दिशांनी मेंदूत सोडले, तर वाटेतील पेशींना प्रत्येकाचा अल्प अंश लागतो आणि जेथे सारे मिळतात तेथे मात्र गाठ किंवा रक्तवाहिनी निकामी करण्याइतकी मात्रा पोहोचते.

किरण कोणते घ्यावेत, हा मात्र निव्वळ भौतिकशास्त्राचा प्रश्न नव्हता, आणि माझ्या दृष्टीने इतिहासातील सर्वांत बोधप्रद निर्णय येथेच झाला. आरंभी लेक्सेल यांनी साध्या क्ष-किरणांची नळी चौकटीला जोडून पाहिली. तिची भेदनशक्ती अपुरी होती. मग उप्साला येथील बोर्ये लार्सन यांच्यासमवेत त्यांनी सायक्लोट्रॉनमधून मिळणाऱ्या प्रोटॉन किरणांचा मार्ग धरला; १९५८ साली त्यासंबंधीचा लेख 'नेचर' या नियतकालिकात आला. प्रोटॉन आपली बरीचशी ऊर्जा वाटेच्या शेवटी टाकतो आणि तेथेच थांबतो. मेंदूसाठी याहून सोयीचा गुण कोणता? परंतु सायक्लोट्रॉन होता भौतिकशास्त्राच्या संस्थेत. तो अवाढव्य, खर्चिक आणि संशोधकांच्या वेळापत्रकाने बांधलेला. रुग्णाने प्रयोगशाळेच्या दारी जायचे, प्रयोगशाळा रुग्णालयात येणार नाही. लेक्सेल यांनी अखेर कागदावर सरस असलेले साधन बाजूला ठेवून रुग्णालयात मावेल, दररोज चालेल असे साधन निवडले: कोबाल्ट-६०.

१९६८ साली स्टॉकहोमच्या सोफियाहेमेट या खासगी रुग्णालयात पहिले यंत्र सुरू झाले. जाड कवचात कोबाल्टचे १७९ स्रोत असे मांडलेले, की सर्वांचे किरण एकाच बिंदूवर मिळावेत. हलणारा भाग जवळजवळ नाही. रुग्णाचे डोके चौकटीत जखडून तो बिंदू किरणांच्या संगमावर आणायचा, एवढेच. उत्तमातील उत्तम तंत्रापेक्षा चालविता येईल असे तंत्र निवडणे याला आमच्या खात्यात कोणी दूरदृष्टी म्हणत नाही. निविदेच्या विनिर्देशांत जगातील सर्वोच्च क्षमता लिहिण्याची हौस आम्हाला असते. ते यंत्र मंगळवारी सकाळी कोण चालविणार, हा प्रश्न मात्र विनिर्देशांत बसत नाही.

यंत्र ज्यासाठी बांधले त्यासाठी ते फारसे वापरले गेले नाही, हीही गंमतच. लेक्सेल यांच्या मनात होते ते असाध्य वेदना, कंप आणि काही मानसिक व्याधी. मेंदूतील ठरावीक मार्ग किरणांनी तोडून त्या शमवाव्यात. प्रत्यक्षात उपयोग वाढला तो श्रवणाच्या मज्जातंतूवरील गाठी, पियूषिका ग्रंथीच्या गाठी आणि रोहिणी-नीलांचा जन्मजात गुंता यांसाठी. असा गुंता यंत्राने बंद करण्याचा पहिला प्रयत्न १९७० साली लाडिस्लाऊ स्टायनर यांनी केला. वापरकर्त्यांनी साधनाचा हेतू बदलला आणि जनकाने त्याला आडकाठी केली नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यास कॅरोलिन्स्का येथे बसविलेल्या दुसऱ्या यंत्रात किरणसंगमाचा आकार गाठींना साजेसा गोल करण्यात आला.

तरीही प्रसार अतिशय मंद झाला. १९८७ साली पिट्सबर्गला यंत्र बसले, ते जगातील अवघे पाचवे. म्हणजे वीस वर्षांत पाच. याचे कारण अर्थशास्त्राच्या भाषेत पूरक वस्तूंचा अभाव. अचूक नेमबाज होता, पण त्याला लक्ष्य दिसत नव्हते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. १९८० च्या दशकात एमआरआय आले. मऊ गाठीची कड स्पष्ट दिसू लागली आणि वीस वर्षे वाट पाहणारे यंत्र एकदम उपयोगी ठरले. आजवर जगभरात दहा लाखांहून अधिक रुग्णांवर या यंत्राने उपचार झाले आहेत. साधारणपणे ३ सेंटीमीटरहून मोठ्या गाठींना ते चालत नाही, आणि त्याचा परिणामही तात्काळ दिसत नाही. रक्तवाहिन्यांचा गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षे लागतात आणि तोवर रक्तस्रावाचा धोका टळत नाही. या मर्यादा सांगितल्यावाचून केवळ स्तुती करणे योग्य नव्हे.

भारतात हे यंत्र १९९७ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये आले; पुढे बंगळूरचे निम्हान्स आणि चंडीगढचे पीजीआय यांनीही ते घेतले. आणि येथूनच प्रशासनाचा खरा विषय सुरू होतो.

कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे. म्हणजे दर महिन्याला सुमारे १ टक्का, दर वर्षी सुमारे १२ टक्के शक्ती कमी होते. नव्या स्रोतांनी जो उपचार अर्ध्या तासात होतो, त्याला सव्वापाच वर्षांनी एक तास लागतो. आपण अर्थशास्त्रात घसारा शिकतो तो प्रामुख्याने वापराशी जोडून: मोटार जितकी धावेल तितकी झिजेल. कोबाल्टचा घसारा वापरावर अवलंबून नाही, केवळ काळावर आहे. दहा रुग्णांवर उपचार करा किंवा एकावरही करू नका, महिनाअखेर तेवढीच शक्ती गेलेली असेल. सुटीच्या दिवशी, संपाच्या दिवशी, फाइल टेबलावर पडून असतानाही ती जातच असते.

काही वर्षांपूर्वी एका सरकारी रुग्णालयाचे प्रकरण माझ्याकडे अभिप्रायासाठी आले होते. यंत्र गॅमा नाइफ नव्हे, कर्करोगाच्या उपचाराचे साधे कोबाल्ट यंत्र होते. ते बसले, परवाना मिळाला, रुग्णसेवा सुरूही झाली. मग तेथील एकमेव वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ निवृत्त झाला. त्याच्यावाचून यंत्र चालविण्याची परवानगी नाही, आणि काटकसरीच्या आदेशामुळे पद भरण्याचीही नाही. यंत्र अठरा महिने बंद राहिले. लेखापरीक्षणाच्या परिच्छेदात खरेदीची रक्कम 'अडकून पडली' असे शेरे होते. खात्याच्या उत्तरात प्रस्ताव 'विचाराधीन' होता. मी कागदावर हिशेब मांडला: अठरा महिन्यांत स्रोताची सुमारे १८ टक्के शक्ती निघून गेली होती. रक्कम अडकली नव्हती, ती जळाली होती. त्या अवधीत परत पाठविलेले रुग्ण कोणत्याच स्तंभात नव्हते. एका पदाचे वेतन वाचविण्याच्या आदेशात तसा कोणाचा वाईट हेतू नव्हता; प्रत्येक टिपणी नियमाला धरून होती. म्हणूनच ते प्रकरण माझ्या मनातून जात नाही.

दुसरी बाजू अधिक भयंकर आहे. झिजून गेलेला स्रोत निरुपद्रवी होत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील, १९६८ साली घेतलेले एक कोबाल्ट उपकरण १९८५ पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात निघाले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले. अनेकांना किरणोत्साराची बाधा झाली. एक कामगार एप्रिलमध्ये मरण पावला. कोबाल्ट मूळचाच धरला, तर बेचाळीस वर्षांत आठ अर्धायुष्ये उलटतात. म्हणजे मूळ शक्तीचा सुमारे अडीचशेवा भाग उरला होता. उपचाराला निरुपयोगी, पण जीव घ्यायला पुरेसा. लिलावाची प्रक्रिया झाली असेल, बोली लागली असेल, पावती फाडली गेली असेल; पण जडसंग्रहाच्या नोंदवहीत वस्तूचे नाव असते, तिचा स्वभाव नसतो.

अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून अस्तित्वात आहे. स्रोत आणण्याआधी खोलीच्या आराखड्याला मंजुरी, प्रशिक्षित माणसे आणि शेवटी स्रोताची सुरक्षित रवानगी, हे सारे त्याच्या चौकटीत बसते. कोणी म्हणेल, मग कोबाल्टच नको. विजेवर चालणारे रेषीय प्रवेगक घ्यावेत. तेही रास्त आहे. लेक्सेल यांच्याकडे शिकून गेलेले जॉन ॲडलर यांनी स्टॅनफर्डमध्ये सायबरनाइफ घडविले, ते याच मार्गाने. बटण बंद केले की त्याचे किरण थांबतात. पण त्यालाही अखंड वीज, देखभालीचा करार आणि तोच भौतिकशास्त्रज्ञ लागतो. रिकाम्या पदाला पर्याय कोणत्याच यंत्रात नाही.

हे सारे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते आपल्यासारखेच घरापासून दूर राहणारे लोक. रायपूरच्या किंवा जबलपूरच्या एखाद्या कुटुंबाला नेहमीच्या किरणोपचारासाठी परगावी सहा-सहा आठवडे खोली घेऊन राहावे लागते; रेडिओसर्जरी बहुधा एका दिवसात आटोपते. मजुरी बुडणे, धर्मशाळेचे भाडे, मुलांची शाळा, हा खर्च रुग्णालयाच्या बिलात नसतो, पण तो कुटुंबच भरते. म्हणून यंत्राची किंमत किती, या प्रश्नाइतकाच ते वर्षातून किती दिवस चालते, हाही प्रश्न अर्थ मंत्रालयाने विचारला पाहिजे.

सुरीच्या काळात शल्यविशारदाचा हात थरथरला तर एक रुग्ण दगावत असे, आणि तो कोणाचा हात हे सर्वांना ठाऊक असे. अदृश्य सुरीच्या मुठीवर शल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ, भांडारपाल, वित्त सल्लागार आणि आस्थापना शाखेचा कक्ष अधिकारी यांचे हात एकाच वेळी असतात. त्यांतला कोणताही हात ढिला पडला तरी आवाज होत नाही. म्हणून माझी सूचना लहानशीच आहे: अशा प्रत्येक यंत्राच्या फाइलीवर, पहिल्याच पानावर, दरमहा किती शक्ती उरली त्याचा आकडा लिहावा. ती फाइल ज्याच्या टेबलावर असेल, त्याने आधी तो वाचावा आणि मगच 'चर्चा करावी' असा शेरा मारावा.