सदनिकेचे मूल्यांकन : आदिलाबाद

कोणतीही सक्ती नसलेला विक्रेता आणि पुरेशी माहिती असलेला खरेदीदार यांच्यात ठरावीक दिवशी एखादी सदनिका ज्या किमतीला हस्तांतरित होण्याचा संभव असतो, त्या किमतीचा पद्धतशीर अंदाज म्हणजे सदनिकेचे मूल्यांकन होय. मोठ्या शहरांत हा अंदाज प्रामुख्याने शेजारच्या व्यवहारांवरून बांधता येतो. तेलंगणाच्या उत्तर टोकावरील आदिलाबाद शहरात मात्र स्वतंत्र घरांचे व प्लॉटांचे व्यवहार अधिक आणि बहुमजली इमारतींतील सदनिकांचे कमी असल्यामुळे मूल्यांककाला भिंतींइतकेच, किंबहुना अधिक, खालच्या जमिनीकडे व तिच्या कागदपत्रांकडे पाहावे लागते. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा २००७ मध्ये सुरू झालेला ‘रेसिडेक्स’ हा घरकिमतींचा निर्देशांक हैदराबादसारख्या मोठ्या शहरांसाठी काढला जातो. आदिलाबादच्या आकाराच्या गावाला तसा आधार नाही.

या बाजारपेठेचे स्वरूप तिच्या सीमावर्ती स्थानामुळे घडले आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे भाग हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले, तरी पैनगंगेच्या दोन्ही काठांवरील कापूस उत्पादकांचा आदिलाबादच्या बाजाराशी असलेला संबंध तुटला नाही. २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि मुख्यालयाचा प्रशासकीय विस्तार आक्रसला. दुसरीकडे, नागपूर-हैदराबाद मार्गावरचे स्थान आणि ‘रिम्स’ हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे भाड्याच्या घरांना मागणी राहिली.

सीमेपलीकडून येणाऱ्या मराठी खरेदीदाराचा पहिला गोंधळ मापाचा असतो. महाराष्ट्रातील शासकीय दर चौरस मीटरवर, तर तेलंगणातील जमिनीचा भाव चौरस यार्डावर, म्हणजे बोलीभाषेतील गजावर, सांगितला जातो. एक गज म्हणजे ९ चौरस फूट, १२१ गज म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर. सदनिकेचे क्षेत्र मात्र चौरस फुटांतच मोजतात, आणि तेही कोणते क्षेत्र हे विचारावे लागते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार चटई क्षेत्रात आतील विभाजक भिंती धरल्या जातात, परंतु बाहेरच्या भिंती, सज्जे व उघडी गच्ची धरली जात नाही. विक्रेते सांगतात त्या ‘सुपर बिल्टअप’ आकड्यात जिना, लिफ्ट व वाहनतळ यांचा वाटाही मिसळलेला असतो.

मूल्यांकनाच्या तीन प्रचलित पद्धतींपैकी तुलना पद्धतीत नुकत्याच विकल्या गेलेल्या सारख्या सदनिकांच्या किमती घेऊन मजला, वय, दिशा व रस्त्याची रुंदी यांनुसार त्यांत कमी-अधिक करतात. आदिलाबादेत तिची अडचण अशी की खरेदीखतातील रक्कम अनेकदा प्रत्यक्ष सौद्याची नसून शासकीय किमान मूल्याच्या आसपासची असते. हे मूल्यही दीर्घकाळ गोठलेले होते : तेलंगणात २०१३ नंतर मार्गदर्शक दर बदलले ते एकदम जुलै २०२१ मध्ये, आणि पुन्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये. मधल्या आठ वर्षांतील दस्त भावाचा पुरावा म्हणून वापरणारा मूल्यांकक जुन्या दराचाच पुरावा गोळा करीत असतो.

उत्पन्न पद्धतीत निव्वळ वार्षिक भाड्याला अपेक्षित परताव्याच्या दराने भागतात. उदाहरणादाखल, दरमहा १०,००० रुपये भाडे धरून एक षष्ठांश खर्च वजा केल्यास १ लाख रुपये उरतात. ४ टक्के दराने त्याचे मूल्य २५ लाख, तर ५ टक्क्यांनी २० लाख येते. दरातील एका टक्क्याच्या फरकाने पाच लाख हलतात, म्हणून ही पद्धत एकटी वापरू नये.

उरते ती खर्च पद्धत, आणि विरळ व्यवहारांच्या गावात तीच अधिक भरवशाची आहे. तिच्यात सदनिकेला लागू असलेल्या अविभक्त भूहिश्शाची किंमत आणि बांधकामाची घसारा वजा जाता उरलेली किंमत यांची बेरीज करतात. ६०० गजांच्या प्लॉटवर सारख्या आकाराच्या दहा सदनिका असतील, तर प्रत्येकीचा भूहिस्सा ६० गज होतो. काँक्रीटच्या इमारतीचे आयुष्य ६० वर्षे व अखेरचे अवशिष्ट मूल्य १० टक्के मानल्यास, वीस वर्षांनी बांधकामाच्या आजच्या खर्चातून ३० टक्के घसारा वजा होतो. भूहिस्सा झिजत नाही. त्यामुळे जुनी, कमी मजल्यांची इमारत कधीकधी नव्या दाट इमारतीपेक्षा महाग ठरते.

परिसराचे मूल्य शाळा, बाजार व रुग्णालय यांच्या अंतरावरून ठरते, हे सर्वत्र खरे आहे. येथे त्यात काही स्थानिक गोष्टींची भर पडते. खानापूर तलावासारखे जलाशय वस्तीला लागून असल्याने पूर्ण जलपातळीची रेषा पाहणे आवश्यक असते. २०१२ च्या इमारत नियमांनुसार १० हेक्टर व त्याहून मोठ्या तलावाभोवती ३० मीटर, तर लहान तलावाभोवती ९ मीटर पट्टा बांधकामापासून मोकळा सोडावा लागतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, म्हणून वरच्या मजल्यावरील तापणारा स्लॅब भाव उतरवतो. पाठ्यपुस्तके वास्तुशास्त्राला जागा देत नाहीत, परंतु पूर्वाभिमुख दाराला येथील खरेदीदार जादा पैसे मोजतो. मूल्यांककाचा स्वतःचा विश्वास असो वा नसो, बाजाराचा विश्वास त्याला नोंदवावा लागतो. मावळा बाजूच्या महामार्गालगतच्या प्लॉटांबाबत, तसेच २०२५ मध्ये हवाई दलाची संमती मिळालेल्या नियोजित नागरी विमानतळाच्या आसपास, होऊ घातलेल्या विकासाची किंमत आजच मागितली जाते. कर्जासाठी केलेल्या मूल्यांकनात अशा अपेक्षेला स्थान देणे धोक्याचे असते.

सर्वांत निर्णायक प्रश्न हक्काचा आहे. उटनूरसह जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि तेथे १९५९ चा भूहस्तांतरण विनियम लागू आहे. १९७० च्या दुरुस्तीमुळे, जिला लोक ‘वन-सेव्हंटी’ म्हणतात, आदिवासीतराच्या नावे स्थावर मालमत्तेचे हस्तांतरण निरर्थक ठरते. अशा गावातील इमारत कितीही चांगली असली तरी आदिवासीतर खरेदीदाराच्या दृष्टीने तिला कायदेशीर बाजारमूल्य नसते. शहरहद्दीतही बोजा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि ले-आउटची मान्यता पाहावी लागते. अनधिकृत ले-आउटसाठी २०२० मध्ये नियमितीकरण योजना जाहीर झाली; त्या योजनेचे शुल्क भरलेले नसल्यास तेवढी रक्कम किमतीतून वजा धरणे रास्त आहे. नोंदणी कायद्याच्या कलम २२-अ खालील निषिद्ध यादीत सर्व्हे क्रमांक असेल, तर नोंदणीच होत नाही.

जुलै २०२१ पासून तेलंगणात विक्रीदस्तावर मुद्रांक शुल्क ५.५ टक्के, हस्तांतरण शुल्क १.५ टक्के व नोंदणी शुल्क ०.५ टक्का, असे एकूण ७.५ टक्के आकारले जातात, आणि ते सौद्याची रक्कम व शासकीय मूल्य यांपैकी जे जास्त त्यावर. दस्तात मार्गदर्शक मूल्याहून कमी रक्कम दाखविल्यास मुद्रांक कायद्याच्या कलम ४७-अ नुसार प्रकरण जिल्हाधिकाऱ्याच्या अधिकारातील निर्णयासाठी पाठविता येते. आयकरातही हा फरक १० टक्क्यांहून अधिक असल्यास विक्रेत्याचा भांडवली नफा शासकीय मूल्यावर मोजतात व खरेदीदारावरही कर येऊ शकतो. याउलट, शासकीय दर बाजारभावापेक्षा फार खाली राहिला, तर दस्तात तेवढीच रक्कम दाखवून उरलेली रोखीने देण्याची प्रथा बळावते. मग बँकेच्या मूल्यांककापुढे एकाच सदनिकेच्या दस्ताची, दलालाची आणि त्याच्या स्वतःच्या गणिताची अशा तीन किमती येतात, आणि कर्ज सहसा त्यांतील कमी किमतीवर बेतले जाते.