बसऱ्याला गेलेला माणूस

आमच्या घरात पणजोबांची गोष्ट लांबलचक कधी नव्हतीच. आजोबांची थोरली बहीण, आमची आत्याआजी, ती चार वाक्यांत उरकायची. पलटणीत गेला, बसऱ्याला गेला, वेढ्यात अडकला, साहेबानं घोडी कापून खायला दिली तेव्हा ह्यानं तोंड फिरवलं. ‘उपाशी मेला पर धरम सोडला न्हाई,’ असं ती म्हणायची. त्यापुढं कुणी काही विचारत नसे.

साताऱ्याकडच्या गावांत बसरा म्हणजे पहिलं महायुद्ध. फ्रान्सला गेलेलेही होते, पण जुन्या माणसांच्या तोंडी तो सगळा काळ बसऱ्याचाच. आमच्या चावडीच्या भिंतीत सरकारनं बसवलेली एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून किती माणसं महायुद्धावर गेली आणि त्यांतली किती मेली, एवढंच तिच्यावर इंग्रजीत कोरलंय. नाव एकाचंही नाही.

नाव होतं ते पदकाच्या कडेवर. पणजोबांच्या मागं पणजीला दोन गोल पदकं आली होती, एक चांदीचं आणि एक पितळी दिसणारं. चांदीचं आत्याआजीच्या लग्नात सोनारानं वितळवलं आणि त्याची जोडवी झाली. बापाला तिनं नीट पाहिलंही नव्हतं, पण त्याचं पदक ती जन्मभर पायांत घालून शेतात राबली. मला यात पदकाची हेळसांड कधीच वाटली नाही. उरलेलं पदक भिंगाखाली धरलं, तेव्हा कडेवर शिपाई नंबर, नाव आणि ‘११० मराठाज’ अशी इंग्रजी अक्षरं दिसली. कुटुंबाच्या आठवणीत पलटणीचा आकडा कुठंच नव्हता. तो मिळाला आणि माणूस कुठं कुठं गेला असेल, ते शोधता येऊ लागलं.

११० वी मराठा लाइट इन्फंट्री सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ही फौज टायग्रिस नदीच्या काठानं बगदादच्या रोखानं चढत गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफनला तुर्कांशी मोठी लढाई झाली. तिथून ती मागं हटली आणि नदीच्या वळणातल्या कुत-अल-अमारा या गावात येऊन अडकली. ७ डिसेंबरला वेढा पडला. सुटका करायला निघालेल्या फौजांची हजारो माणसं कामी आली, तरी वेढा फुटला नाही. शेवटी शेवटी विमानांतून पोती टाकून अन्न पोचवायचा प्रयत्न झाला, पण एवढ्या पोटांना ते कुठून पुरणार? २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं आणि सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत गेली.

घोड्यांची गोष्ट खरी आहे. हिंदी शिपायांनी आठवडेच्या आठवडे ते मांस नाकारलं. हिंदू काय, मुसलमान काय, दोघांनाही ते नको होतं. जवाच्या पिठाचा शिधा कमी होत गेला, लोक रानातला पाला खुडून भाजीसारखा शिजवून खाऊ लागले, हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवले गेले. ते आले, तरी माणसं बिचकत होती. खाल्लं असं गावी कळलं तर आपल्या पोरींशी लग्न कोण करील, ही धास्ती मरणाच्या धास्तीपेक्षा मोठी होती. एप्रिलच्या मध्यापर्यंत मात्र हजारोंनी ते खायला सुरुवात केली.

हे वाचून मी फार वेळ बसून राहिलो. पणजोबा वेढ्यात मेले नाहीत, हे मला तोवर कळलं होतं. महायुद्धातल्या मृतांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्या यादीत त्यांचं नाव आहे, वडिलांचं नाव आहे, तालुका आहे. मृत्यूचा महिना मात्र कुत पडल्यानंतरचा, ऑगस्ट १९१६ चा. म्हणजे एप्रिलअखेर ते जिवंत होते आणि पुढं कैदी म्हणून हाकलले गेले. त्यांनी तो घास घेतला असणार, असं मला वाटतं. घेतला असावा, अशी माझी इच्छाही आहे. आत्याआजीच्या गोष्टीतला ताठ मानेचा वीर मला लहानपणी आवडायचा. आता मात्र तेविसाव्या वर्षातला, हिरड्यांतून रक्त येत असलेला, गावाच्या भीतीनं घास हातात धरून बसलेला पोरगा मला जास्त जवळचा वाटतो. आणि घरातल्यांनी ‘खाल्लं न्हाई’ हे वाक्य एवढं घट्ट का धरून ठेवलं, तेही समजतं. घरात लग्नाची होणारी एक मुलगी होती.

बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. इंग्रज सोजिरांची नावं दगडावर आहेत, हिंदी अंमलदारांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांचे, पलटणीच्या नावाखाली, नुसते आकडे. हे मला अजून सहन होत नाही. पणजी निरक्षर होती, पण ती रोज संध्याकाळी दिवा लावताना नवऱ्याच्या नावानं हात जोडायची. पेन्शन आणायला तालुक्याला जातानाही कपाळावर कुंकू लावूनच जायची. नवरा मेल्याचे पैसे ती घ्यायची, पण तो मेला हे तिनं कधी मानलं नाही.

हे सगळं मी चुलत्यांना सांगितलं. ते ऐंशीच्या पुढचे, घरातलं सर्वपित्रीचं पान तेच वाढतात. घोड्याचं ऐकून ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘कैद झाल्यावर चालवत न्येलं का रं?’

बगदादहून सामऱ्यापर्यंत तेवढी रेल्वे होती, असं मी सांगितलं. तिथून पुढं तिकरित, मोसूल, नुसेबिन, रास अल-ऐन. सगळं पायी, उन्हाळ्यात, वाटेत पडेल त्याला तिथंच टाकून. जे पोचले त्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं.

आयोगाच्या यादीत आमच्या गावाचं नाव चुकीचं पडलंय. दुरुस्तीचा अर्ज मी लिहिला, पदकाच्या कडेचा फोटो जोडला. खाली नातू म्हणून चुलत्यांनी सही केली.