‘दाब’ पोचलं, ‘सोड’ राहिलं

एका स्वागतसमारंभात दोघांचाच कार्यक्रम होता. ती गाणारी, तो कीबोर्डवर. ढोलक, बासरी, व्हायोलिनांचा ताफा सगळा त्याच्या लॅपटॉपमध्ये. पहिलंच गाणं सुरू होत होतं, तेवढ्यात वाढप्याच्या पायात वायर अडकली आणि कीबोर्डमागून निसटली. व्हायोलिनांचा षड्ज मात्र थांबेना. वादकाने दोन्ही हात वर केले तरी स्वर आपला चालूच. गायिका मुरलेली. तिने त्यालाच तानपुरा मानला आणि आलाप घ्यायला लागली. त्याने लॅपटॉपवर ‘पॅनिक’ नावाचं बटण शोधून दाबलं, तेव्हा कुठे षड्ज गप्प झाला. लोकांना वाटलं, बसवलेलंच आहे.

वायर निघाली की आवाज बंद व्हायचा, एवढं आपल्याला माहीत असतं. इथे उलटं झालं, कारण त्या वायरीतून आवाज जातच नव्हता. जात होते ते हुकूम: साठ नंबरची पट्टी दाबली, अमुक जोराने, साठ नंबरची सोडली. ‘दाब’ पोचलं, ‘सोड’ वाटेतच राहिलं. या हुकुमांच्या भाषेचं नाव मिडी.

ती जन्मली भांडणातून नाही, पण गैरसोयीतून नक्कीच. सत्तरच्या दशकात एका कंपनीचा सिंथेसायझर दुसरीच्या सिंथेसायझरशी बोलत नसे. स्वर विजेच्या दाबावर ठरायचा, आणि तो हिशेबही प्रत्येकाचा निराळा. कुणी एक व्होल्ट वाढला की सप्तक वर नेई, तर कुणाच्या यंत्रात सप्तकासाठी व्होल्ट दुप्पट करावे लागत. म्हणून स्टेजवर एकाच माणसाभोवती चार-पाच कीबोर्डांची भिंत दिसायची.

इकुतारो काकेहाशी हे ओसाकाचे. तरुणपणी घड्याळं दुरुस्त करायचे. 1972 साली त्यांनी रोलँड कंपनी काढली. सगळ्यांची यंत्रं एकमेकांना जोडता यावीत, हा विषय 1981 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या उत्पादकांपुढे काढला. तिकडे सिक्वेन्शियल सर्किट्सच्या डेव्ह स्मिथनी तो उचलला आणि चेट वूडबरोबर त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ध्वनी अभियंत्यांच्या परिषदेत आराखडा मांडला. बारशाच्या वेळी काकेहाशींच्या मनात ‘यूएमआय’ हे नाव होतं, उच्चार ‘यू-मी’, म्हणजे तू-मी. स्मिथना ते जरा बाळबोध वाटलं आणि मिडी ठरलं. मला विचाराल तर तू-मीच बरं होतं.

जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतल्या वाद्य-प्रदर्शनात स्मिथच्या कंपनीचा प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 एका वायरीने जोडले. एकावर वाजवलं की दुसराही वाजायला लागला. ऑगस्टमध्ये नियम छापून आले आणि ते वापरायला कुणाला पैसे मोजावे लागले नाहीत. बाकी सगळा मामला काटकसरीचा. पाच पिनांचा प्लग निवडला, कारण तो टेपरेकॉर्डरसाठी आधीच बाजारात होता. वेग सेकंदाला 31,250 बिट, कारण दहा लाखांना 32 ने भागलं की हा आकडा सरळ मिळतो. एक ‘दाब’ पोचायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. पट्ट्यांना नंबर 0 ते 127, मधला सा म्हणजे पांढरी एक, तिचा 60.

1985 मध्ये अटारी कंपनीने या वायरीची भोकं थेट संगणकातच दिली आणि हुकूम पडद्यावर दिसू लागले: आडव्या रेघा, जेवढा स्वर लांब तेवढी रेघ लांब. या चित्राला आजही ‘पियानो रोल’ म्हणतात. आपोआप वाजणाऱ्या पियानोंत भोकं पाडलेला कागद फिरायचा, त्याचं ते नाव. त्या कागदाच्या मापावरही उत्पादकांना 1908 साली बफेलो शहरात बसून एकमत करावं लागलं होतं. चुकलेला स्वर माउसने धरून सरकवायचा, ही सोय मात्र कागदावर नव्हती.

दोघांच्या कार्यक्रमाला मिडीचा खरा उपयोग होतो तो पट्टी बदलताना. गायिकेचा घसा बसलाय, ती म्हणते, “आज काळी पाच नको, काळी चार घे.” ध्वनिमुद्रण खाली ओढलं की आवाज पिचकतो. इथे फक्त प्रत्येक नंबरातून दोन वजा करायचे. अडचण एकच. ताल सहसा दहाव्या चॅनेलवर, म्हणजे हुकुमांच्या वेगळ्या वाटेवर असतो आणि तिथे नंबर म्हणजे सूर नव्हे, वाद्य. 38 वर स्नेअर, 36 वर बास ड्रम. तोही चॅनेल दोनने उतरवला की जिथे टण्ण व्हायचं तिथे धब्ब होतं. पहिल्या वर्षी हे सगळ्यांचं होतं. नंतर कुणी त्याबद्दल बोलत नाही.

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात शिरलेला ऑक्टोपॅडही याच कुळातला. रोलँडचा 1985 चा पहिला आठ चौकटींचा पॅड स्वतः मुका होता. काठीचा फटका पडला की तो दुसऱ्या यंत्राला फक्त कळवायचा.

पियानोच्या घरात वाढलेल्या या भाषेला मींड जड जाते. दोन पट्ट्यांमधल्या फटीसाठी तिच्याकडे कीबोर्डवरचं एक चाक आहे, त्याला 16,384 पायऱ्या आहेत, म्हणजे बारीकपणाची उणीव नाही. पण चाक फिरवलं की त्या चॅनेलवरचे सगळेच स्वर घसरतात. वरच्या सुराबरोबर खालची साथही वाकडी होते. म्हणून मींड आली की कीबोर्डवादक साथ दुसऱ्या चॅनेलवर ठेवतो, डावा हात चाकावर नेतो आणि एकच सूर ओढतो. गाणं फारच वळणाचं असलं की चाकालाही हात लावत नाही. मान हलवून गायिकेकडे बघतो आणि ती जागा तिलाच घेऊ देतो.