चांद्याचा बर्फ

मागच्या वेळी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, हिमनद्या, फियॉर्ड, बर्फाची पठारं हे सगळं बघायला नॉर्वेलाच जावं लागतं का? आमचं उत्तर असं, की आधी चंद्रपूरला जाऊन या. एका दिवसात होतं. फक्त मे महिन्यात जाऊ नका, पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला टेकतो.

वर्धा आणि पैनगंगा यांच्या संगमाच्या परिसरात इरई नावाचं गाव आहे. (चंद्रपूर शहराजवळून वाहते ती इरई नदी, नावाच्या सारखेपणामुळे घोटाळा होतो, आमचाही झाला होता.) तिथला चुनखडक साधारण शंभर कोटी वर्षांचा. त्यावर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे फ्रान्सिस फेडन यांना गुळगुळीत घासलेला पृष्ठभाग दिसला, आणि त्यावर एकमेकींना समांतर अशा ओरखड्यांच्या रेघा. हे टिपण 1875 साली छापलं गेलं. अर्थ सरळ होता: इथून बर्फ सरकत गेला होता, पोटात दगड धरून, कानशीने घासावं तसा खडक घासत.

पण हे सरळ कुणाला वाटलं नव्हतं. एकोणीस वर्षं आधी, 1856 मध्ये, ओडिशातल्या तालचेरला ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी बर्फाचं नाव घेतलं होतं. त्यांचा पुरावा काय? बारीक चिखलाच्या थरात रुतलेले मोठमोठे धोंडे. आता बघा, नदी वजनाप्रमाणे निवड करते; जोर ओसरला की आधी धोंडे टाकते, मग वाळू, शेवटी गाळ. बर्फ मात्र धोंडा आणि चिखल एकाच जागी टाकू शकतो, कारण तो निवड करत नाही, वितळला की असेल ते सोडून देतो. तर्क दमदार होता, तरी उष्ण कटिबंधात बर्फ म्हटल्यावर शंका घेतली गेलीच. धोंड्यांचा अर्थ दुसरा लावता येत होता; इरईच्या ओरखड्यांचा लावणं फार अवघड झालं.

मग दुसरंच कोडं उभं राहिलं. भारतातल्या खुणा सांगत होत्या, की बर्फ दक्षिणेकडून, म्हणजे आजच्या विषुववृत्ताच्या बाजूने, उत्तरेकडे सरकला. असं कसं होईल? दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका इथेही तशाच खुणा सापडल्या. 1912 पासून वेगेनर सांगू लागले, की हे सगळे भूभाग एकेकाळी दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र होते. त्या दक्षिणेकडच्या भूखंडाला झ्यूस यांनी 1885 मध्येच गोंडवाना म्हटलं होतं. तो शब्द मेडलिकॉट यांनी इथल्या खडकांसाठी योजला आणि फाइस्टमांटेल यांनी 1876 मध्ये छापला. म्हणजे ज्या गोंडांचं राज्य चांद्याला होतं, त्यांचं नाव अंटार्क्टिकाच्या पाठ्यपुस्तकातही गेलं! आपल्याकडे शाळेत हे सांगत नाहीत याची आम्हाला गंमतही वाटते आणि थोडा रागही येतो.

हा बर्फ सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा. तो वितळल्यावर दलदली झाल्या, त्यांत ग्लॉसोप्टेरिससारख्या वनस्पती वाढल्या, त्यांचाच आजचा घुग्घुस-बल्लारपूरचा कोळसा. फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेल्या दरीत शिरलेला समुद्र. तसा चंद्रपुरात नाही. पण छत्तीसगडमध्ये मनेंद्रगडला हसदेव नदीच्या पात्रात याच काळातले समुद्री शिंपले मिळतात, म्हणजे बर्फ हटल्यावर समुद्र मध्य भारतापर्यंत आला होता.

1963 मध्ये ए. जे. स्मिथ यांनी इरईच्या या खडकावर पुन्हा लिहिलं. ओरखडे म्हणजे खडकावरची निव्वळ कातडी हो. खालचा खडक सिमेंटला चालणारा, वर कोळसा, आणि दोन्हींना जिल्ह्यात गिऱ्हाईक आहे. एक सुरुंग पुरे.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. तिरप्या उन्हात रेघा नीट दिसतात, डोक्यावर ऊन आलं की सगळा खडक सपाट वाटतो. आणि हातोडा घरीच ठेवा.