‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ व त्याचे प्रतिस्पर्धी

इ. स. २०२३ च्या जानेवारींत अमेरिकेंतील एका खेळाच्या भक्तमंडळींत मोठी खळबळ उडाली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची मालकी असलेल्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीनें इ. स. २००० मध्यें एक परवाना प्रसिद्ध केला होता. आपल्या नियमांच्या आधारें इतरांनींहि पुस्तकें रचावीं व विकावीं, अशी मोकळीक त्यांत होती. तो रद्द करूं पाहणारा व वार्षिक साडेसात लाख डॉलरांवरील उत्पन्नांत शेंकडा पंचवीस हिस्सा मागणारा नवा मसुदा बाहेर फुटला, आणि रागावलेली मंडळी दुसरा खेळ शोधूं लागली. ‘पाथफाइंडर’ हा प्रतिस्पर्धी खेळ काढणाऱ्या ‘पायझो’ कंपनीनें आठ महिने पुरावा असा नियमग्रंथांचा साठा दोन आठवड्यांत खपल्याचें जाहीर केलें. महिना संपण्यापूर्वींच मूळ कंपनीनें माघार घेऊन नियमांचा गाभा सर्वांस खुला केला. परंतु उंबरठा ओलांडलेल्यांना तोंपर्यंत शेजारचीं घरें दिसलीं होतीं. त्यांच्यापुढें जो प्रश्न उभा राहिला तो ज्यांच्या मुलांनीं हा खेळ घरांत आणला आहे अशा आमच्या वाचकांपुढेंहि केव्हां तरी येणारच : इतक्या खेळांतून निवडावयाचा कोणता?

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. चारपांच जण टेबलाभोंवतीं बसतात. एक सूत्रधार होतो. बाकीचे एकेका कल्पित पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळणारा आपलें पात्र काय करतें तें सांगतो, आणि निकालाविषयीं संशय असेल तेथें फासे टाकतात. हार-जीत नाहीं, कथा पुढें सरकणें हाच खेळ.

याची वंशावळ आपल्या बुद्धिबळाशीं जाऊन पोंचते. चतुरंग भारतांतून इराणांत व तेथून पुढें युरोपांत गेला. १७८० मध्यें ब्रन्सविक येथें हेल्विगनें त्याचा पट शेंकडों घरांचा करून त्यावर नद्या, टेंकड्या व तोफा मांडल्या. १८२४ मध्यें धाकट्या राइसविट्झनें प्रशियाच्या सैन्याला नकाशा, फासे आणि निवाडा देणारा पंच यांसह युद्धाचा खेळ दिला. कोष्टकांचें जंजाळ वाढलें तेव्हां १८७६ मध्यें सेनानी व्हर्डी दु व्हर्नवा यानें कोष्टकें बाजूस सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच सारें सोपविलें. नियम थोर कीं पंच थोर, हा वाद तेव्हांपासूनचा आहे. टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याच्या १८८० च्या ग्रंथांतून हाच विचार पुढें मिनेसोटांतील डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हातीं लागला. त्याच्या खेळांत खेळणारा सैन्य न चालवितां एकेका माणसाची भूमिका करूं लागला, आणि त्याच मंडळींतल्या डेव्ह आर्नेसननें त्या माणसाला भुयारांत व राक्षसांत नेऊन सोडलें.

आर्नेसन आणि विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनिव्हा गांवचा गॅरी गायगॅक्स या दोघांच्या नांवें १९७४ मध्यें ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. एका पेटींत तीन पातळ पुस्तिका. पहिली आवृत्ति एक हजार प्रतींची. वाचकाजवळ गायगॅक्सचा ‘चेनमेल’ हा जुना युद्धखेळ आहे असें ग्रंथकार गृहीत धरतात. रानावनांतील प्रवासासाठीं तर दुसऱ्याच एका कंपनीच्या खेळाचा पट घ्यावा असें सुचवितात! आमच्या मतें या ग्रंथांतील महत्त्वाची गोष्ट राक्षस नव्हेत, तर हिशेब होय. पात्राला अनुभवाचे गुण मिळतात ते राक्षस मारल्याबद्दल, आणि त्याहून पुष्कळ अधिक द्रव्य बाहेर काढल्याबद्दल. साधारणतः सोन्याच्या एका नाण्यास एक गुण. गुण सांचले म्हणजे पात्र वरची पायरी चढतें. म्हणून त्या काळचे खेळणारे भुयारांत शिरून, लढाई टाळतां आली तर टाळून, पेटारे बाहेर ओढीत. ते स्वभावतः लोभी होते असें नव्हे. खेळ ज्याचे गुण देतो तें माणसें करूं लागतात, हें परीक्षा घेणाऱ्या कोणासहि ठाऊक आहे. पुढें जे जे प्रतिस्पर्धी निघाले त्यांचें बाह्य रूप पाहण्यापेक्षां ते कशाचा हिशेब ठेवतात तें पाहावें.

पहिला प्रतिस्पर्धी पुढच्याच वर्षीं निघाला तो मात्र निव्वळ वैतागांतून. फिनिक्स शहरांतील ग्रंथपाल केन सेंट आंद्रे यानें मूळ पुस्तिका वाचल्या. कल्पना आवडली, नियम कळेनात. चमत्कारिक आकारांचे फासे तर मिळणेंहि कठीण. त्यानें १९७५ मध्यें ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ लिहून विद्यापीठाच्या छापखान्यांतून शंभर प्रती काढल्या. फासे सारे सहा बाजूंचे, म्हणजे कोणत्याहि घरांत सांपडणारे. मंत्रांचीं नांवें थट्टेखोर. गंभीर मंडळींनीं त्याबद्दल नाकें मुरडलीं. परंतु १९७६ मध्यें याच खेळासाठीं एकट्यानें खेळावयाचें पहिलें साहस निघालें. ज्याला सोबती नाहींत त्याची आठवण इतक्या लवकर व्हावी हें आम्हांस कौतुकास्पद वाटतें.

‘रूनक्वेस्ट’ची (१९७८) तक्रार अधिक खोल होती. स्टीव्ह पेरिन हा कॅलिफोर्नियांत मध्ययुगीन पोशाखांत वेताच्या तरवारींनीं लुटुपुटीचीं द्वंद्वें खेळणाऱ्या मंडळाच्या संस्थापकांपैकीं एक. ज्यानें स्वतः हातावर फटके खाल्ले त्याला, पात्र पायऱ्या चढत गेलें म्हणजे वारांना जणूं अभेद्य होतें, ही गोष्ट पटणें शक्य नव्हतें. त्यानें व सहकाऱ्यांनीं पायऱ्या व ठराविक पेशे दोन्ही काढून टाकले. वार कोणत्या अवयवावर बसला तें फासा सांगतो, आणि एखाद्या शेतकऱ्याचा भाला नामांकित वीरालाहि लोळवूं शकतो. शिकण्याचा नियम तर फारच मार्मिक आहे. ज्या कौशल्याचा मोहिमेंत यशस्वी उपयोग झाला त्यासाठीं शेवटीं फासे टाकावयाचे; दान आजच्या आंकड्याहून वर पडलें तरच कौशल्य वाढावयाचें. म्हणजे नवशिका झपाट्यानें पुढें जातो आणि निष्णात एकेका पावलासाठीं झुरतो. शिकविण्याच्या धंद्यांत केंस पांढरे झालेल्या माणसाला याहून खरा नियम सुचविणें कठीण. याला जोडलेलें ‘ग्लोरान्था’ हें जग ग्रेग स्टॅफर्डचें. तेथें प्रत्येक पात्र कोणत्या ना कोणत्या दैवताच्या पंथांत असतें, आणि मंत्रांची शक्ति मुख्यतः त्या नात्यांतून येते.

याच्या आधींचा ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ (१९७५) हा मिनेसोटा विद्यापीठांत दक्षिण आशियाच्या भाषा शिकविणाऱ्या प्रा. बार्कर यांचा. उर्दू व बलुची यांचीं पाठ्यपुस्तकें त्यांच्या नांवावर आहेत. त्यांनीं टेकुमेल या जगासाठीं भाषा व लिपि स्वतः घडविल्या. येथें नवागत पात्राला परक्यांच्या वस्तींत राहावें लागतें. कोणापुढें कसें बोलावें हें न कळणें राक्षसापेक्षां घातक. इतका समृद्ध खेळ विरळा. तरी आम्ही तो सहज कोणाच्या हातीं देणार नाहीं. १९९१ मध्यें टोपणनांवानें निघालेली एक नाझीधार्जिणी कादंबरी बार्कर यांचीच, हें त्यांच्या पश्चात् २०२२ मध्यें त्यांच्या वारशाचा सांभाळ करणाऱ्या संस्थेनेंच मान्य केलें. घेणाऱ्यानें हें जाणून घ्यावें.

आमचा स्वतःचा कल स्टॅफर्डच्याच ‘पेंड्रॅगन’कडे (१९८५) आहे. आर्थर राजाच्या सरदारांचा हा खेळ. यांत स्वभावाच्या तेरा जोड्या मांडल्या आहेत : दया व क्रौर्य, सत्य व कपट, शौर्य व भय अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. एक वाढलें कीं दुसरें घटतें. एखाद्या बाजूचा आंकडा फार चढला तर ऐन प्रसंगीं खेळणाऱ्याची इच्छा पुरत नाहीं, स्वभाव काय करवितो तें फासा ठरवितो. साधारणतः एका मोहिमेंत एक वर्ष सरतें. मग हिवाळा येतो. जमिनीचें उत्पन्न, लग्न, मुलें, म्हातारपण यांचा हिशेब होतो. नायक मरतो आणि त्याचा मुलगा पुढें खेळतो. शंतनूपासून परीक्षितापर्यंतची कथा ऐकून वाढलेल्या मुलांना हें समजावून सांगावें लागणार नाहीं.

इतर देशांतील इतिहास थोडक्यांत सांगतों. स्वीडननें १९८२ मध्यें ‘ड्राकार ओक डेमोनर’ काढला तो रूनक्वेस्टच्याच कुळांतील नियम घेऊन. जर्मनांचा ‘दास श्वार्त्स आउगे’ (१९८४) त्यांच्या देशांत मूळ अमेरिकन खेळाच्याहि पुढें गेला. जपानचा ‘सोर्ड वर्ल्ड’ (१९८९) खिशांत मावणाऱ्या स्वस्त पुस्तकांत निघाला व फासे सहा बाजूंचेच ठेविले. मुलांच्या हातांतील पैसा व त्यांची भाषा या दोहोंचा विचार ज्यानें केला तो खेळ तेथें रुजला. मराठींत हें काम कोणीं तरी मनावर घ्यावें.

आतां पुन्हां पाथफाइंडर. २००८ मध्यें मूळ खेळाची चौथी आवृत्ति निघाली, तिचा परवाना जाचक व नियम अनेकांस परके वाटले; तेव्हां पायझोनें तिसऱ्या आवृत्तीचेच नियम २००० च्या परवान्याखालीं सुधारून २००९ मध्यें हा खेळ काढला. २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तींत तो बराच दूर गेला असला तरी पेशे, पायऱ्या, अनुभवाचे गुण हा सांगाडा तोच. २०२३ मध्यें जे तिकडे गेले त्यांतील पुष्कळांनीं धनी बदलला. घर त्याच धाटणीचें राहिलें. रागाचें कारण धन्याशींच असेल तर तेंहि वाजवी आहे. परंतु ज्याला भुयारें व पेटारे यांचाच कंटाळा आला आहे, त्याचा कंटाळा तेथें जाणार नाहीं. उलट ज्याला जुनीच चव स्वस्तांत हवी, त्याला ‘बेसिक फँटसी’ (२००७) हा हौशी मंडळींनीं सांभाळलेला खेळ फुकट मिळतो. घरांत साधे फासे तेवढे असतील व मुलें हंसरीं असतील तर सेंट आंद्रेपासून आरंभ करावा. पेंड्रॅगनसाठीं वीस बाजूंचा फासा विकत आणावा लागेल.