पैज आणि प्रश्नमंजूषा

'पैज' हा शब्द संस्कृत 'प्रतिज्ञा'पासून प्राकृत 'पइज्जा'द्वारे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ द्रव्याचा नसून वचनाचा आहे. कलगी-तुऱ्याच्या सवालजवाबांत शाहिराची प्रतिष्ठाच पणास लागे. इ. स. २००० मध्ये सुरू झालेल्या 'कौन बनेगा करोडपती'ने ज्ञानास रुपयांचा पण जोडला. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातील शालेय पोषण आहार शिजविणाऱ्या बबिता ताडे १ कोटी जिंकून ७ कोटींच्या प्रश्नापाशी थांबल्या. उत्तर चुकले असते तर ३ लाख २० हजारच उरले असते. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडले असते तरी सरासरी लाभ सुमारे पावणेदोन कोटी भरला असता. तथापि सरासरी ही अनेकवार खेळणाऱ्याची सोबतीण होय. शहापूर-मुरबाडकडील शेतकरी कुटुंबासही असा डाव लाभला तर एकदाच. आणि त्यात चारांपैकी तीन वाटा हानीच्याच. सबब थांबणे हे भित्रेपण नव्हे, हिशेबच होय.